पॉवर पुरेशी, तरी एरर: लांबच्या वळशावर १०जी लिंक का अडखळते?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नव्याने वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. म्हापसा ते मडगाव ही १०जी (सेकंदाला १० गिगाबिट) लिंक पणजीमार्गे ४७ किलोमीटर फायबरवर विनातक्रार चालत होती. पावसाच्या तोंडावर रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली. पर्याय म्हणून लिंक डिचोली, साखळी, फोंडा, कुडचडे असा वळसा घालून मडगावला नेली. ओटीडीआरवर (फायबरमध्ये पल्स सोडून परत येणारा प्रकाश मोजणारं यंत्र) हा मार्ग १०४ किलोमीटर भरतो. एकूण लॉस, म्हणजे वाटेत घटलेला प्रकाश, २६ डीबी (डेसिबल), म्हणून मडगावला रिसीव्हरच्या आधी ॲम्प्लिफायर बसवला. आता मॉड्यूल (स्विचमधला प्रकाश पाठवणारा-घेणारा भाग) उणे १४ डीबीएम दाखवतं, म्हणजे पॉवर ऐसपैस आहे. लिंक वर आहे, पण सीआरसी एरर (डेटा वाटेत बिघडल्याची खूण) थांबत नाहीत. त्याच केबलमधल्या शेजारच्या फायबरवर १जी मात्र स्वच्छ चालतं. केबलचं काम पाहणारे म्हणतात, ओटीडीआर क्लीन आहे, फायबरमध्ये दोष नाही. शिवाय दोन उपप्रश्न आहेत. ७१व्या किलोमीटरला ओटीडीआरवर लॉसऐवजी ०.७ डीबी ‘गेन’ दिसतो, ते कसं? आणि नवी केबल टाकायची झाली तर कुठल्या प्रकारची?

केबलवाले खरं सांगताहेत. फायबरमध्ये दोष नाही आणि ॲम्प्लिफायरही ठीक आहे. तुमची पॉवर संपलेली नाही, डिस्पर्शनचं, म्हणजे प्रकाशाची पल्स वाटेत पसरत जाण्याचं, बजेट संपलंय. हे बजेट आपल्याकडे सहसा कुणी मांडत नाही, कारण गोव्यात त्याची गरजच फारशी पडत नाही. राज्य एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शंभर-सव्वाशे किलोमीटरचं. पणजी–फोंडा, पणजी–मडगाव, मडगाव–वास्को असल्या लिंकवर लॉस जमला की सगळं जमलं. रिंग तुटून ट्रॅफिक लांबच्या बाजूने वळला की मगच हे दुखणं वर येतं.

तुमचं मॉड्यूल ‘८० किलोमीटर’वालं आहे. या आकड्यात दोन मर्यादा दडलेल्या असतात. एक लॉसची, साधारण २३-२४ डीबी. दुसरी डिस्पर्शनची, साधारण १६०० पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर. साधं सिंगल-मोड फायबर, म्हणजे जी.६५२, १५५० नॅनोमीटरला दर किलोमीटरमागे १७ च्या आसपास डिस्पर्शन देतं. १०४ गुणिले १७ म्हणजे १७६८. ॲम्प्लिफायरने पहिली मर्यादा ओलांडून दिली, दुसरीला त्याने हातही लावला नाही.

शिगम्यात पणजीच्या रस्त्यावर रोमटामेळ पाहिलेत ना? एकामागून एक मेळ ठरावीक अंतर ठेवून सुटतात. प्रत्येक मेळातले चपळ लोक थोडे पुढे सरकले आणि दमलेले थोडे मागे रेंगाळले, तर रस्ता पुरेसा लांब असल्यावर एका मेळाचं शेपूट पुढच्या मेळाच्या डोक्यात मिसळतं, आणि कोण कुठल्या गावचा ते कळेनासं होतं. अशा वेळी ढोल आणखी जोरात बडवून मेळ वेगळे होत नाहीत. तुमच्या ॲम्प्लिफायरने नेमकं तेच केलं, ढोल जोरात वाजवला.

आता हे आकड्यांत पाहू, म्हणजे १जी का चालतं तेही समजेल. १०जी सिग्नलचा एक बिट साधारण ९७ पिकोसेकंदांचा. लेझर कितीही चांगला असला तरी या वेगाने डेटा चढवला की त्याचा वर्णपट जवळपास ०.०८ नॅनोमीटर रुंद होतोच. १७६८ गुणिले ०.०८ म्हणजे सुमारे १४१ पिकोसेकंद. पसारा बिटापेक्षा मोठा झाला, मग एरर येणारच. पणजीमार्गे ४७ किलोमीटरवर हाच पसारा ६४ पिकोसेकंद होता, तो रिसीव्हर निभावून नेत होता. १जीला बिट ८०० पिकोसेकंदांचा आणि वर्णपट ०.०१ नॅनोमीटर. पसारा १८ च्या आत, म्हणजे किरकोळ. वेग दुप्पट केला की बिट निम्मा होतो आणि वर्णपट दुप्पट, म्हणून सहनशक्ती चौपटीने घटते. वेग दहापट तर सहनशक्ती शंभरावा हिस्सा. ‘१जी चालतंय म्हणजे फायबर चांगलं आहे’ या वाक्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. (एक सावधगिरी: १जीचं मॉड्यूल डीएफबी, म्हणजे अरुंद वर्णपटाच्या, लेझरचं असेल तरच हे खरं. स्वस्तातल्या एफपी लेझरचा वर्णपट मुळातच काही नॅनोमीटर रुंद असतो. १५५० वर तो लावलात तर १जीसुद्धा या मार्गावर कोसळेल. अशी मॉड्यूल १३१० वरच ठेवावीत.)

याला ओटीडीआर काय म्हणणार? काहीच नाही. तो परत फिरून आलेल्या प्रकाशाची पातळी मोजतो. पल्स किती पसरली याचा त्याला पत्ता नसतो.

पण कुणी विचारेल, एरर ॲम्प्लिफायरच्या नॉइजमुळे येत नाहीत कशावरून? शंका रास्त आहे, आणि ती फेडून मगच पुढे जावं. ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी उणे २४ डीबीएम येतात. ५८ (या हिशोबातला ठरलेला आकडा) मधून २४ वजा आणि नॉइज फिगरचे ५ वजा, उरतात २९ डीबी ओएसएनआर, म्हणजे सिग्नल आणि नॉइज यांचं गुणोत्तर. १०जीला याहून कमीही पुरतं. पीएमडीही (प्रकाशाच्या दोन ध्रुवीकरणांच्या वेगातल्या फरकाने होणारा पसारा) दोषी नाही. आजचं फायबर ०.२ पिकोसेकंद प्रति वर्गमूळ किलोमीटरच्या आत असतं, १०४ किलोमीटरला ते जेमतेम २ पिकोसेकंद होतं, आणि १०जी साधारण १० पर्यंत तक्रार करत नाही. स्वतः खात्री करायची तर रिसीव्हरच्या आधी व्हेरिएबल ॲटेन्युएटर लावा आणि पॉवर उणे १८ वरून हळूहळू उणे १४ वर आणा. एरर जागचे हलले नाहीत, तर पॉवरचा विषय संपला.

हे १७ पिकोसेकंद येतात कुठून, हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. फायबर म्हणजे बाहेरून सव्वाशे मायक्रॉन जाडीचं काचेचं क्लॅडिंग आणि मधोमध ८-९ मायक्रॉनचा कोअर. कोअरमध्ये थोडं जर्मेनियम ऑक्साइड मिसळून त्याचा अपवर्तनांक क्लॅडिंगपेक्षा एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच वर नेलेला असतो. एवढ्याशा फरकावर प्रकाश आत धरला जातो. कोअर इतका बारीक ठेवण्याचं कारण असं की ठरावीक मापाखाली प्रकाशाला आत जायची एकच तऱ्हा उरते, एकच मोड. कोअर ८.२ मायक्रॉन आणि न्यूमरिकल ॲपर्चर ०.१२ धरलं, तर ही सीमा साधारण १२८५ नॅनोमीटरला येते. त्याहून लांब तरंगलांबी एकाच मोडने जाते. त्याच फायबरमध्ये ८५० चा प्रकाश घातलात तर दुसरा मोडही जागा होतो.

मोड अनेक असले की काय होतं ते मल्टिमोडवाल्यांना विचारा. साध्या स्टेप-इंडेक्स मल्टिमोडमध्ये अपवर्तनांकाचा फरक एक टक्का असेल, तर सरळ जाणारा आणि तिरपा जाणारा प्रकाश यांच्यात एका किलोमीटरला जवळपास ५० नॅनोसेकंदांचं अंतर पडतं. नॅनोसेकंद म्हणतोय, पिको नव्हे. त्यावर तोड म्हणून कोअरचा अपवर्तनांक मध्यभागी जास्त आणि कडेकडे वक्ररेषेत उतरता ठेवतात. कडेने जाणाऱ्याचा रस्ता लांब, पण वेगही जास्त, म्हणून सगळे जवळपास एकाच वेळी पोचतात. इतकं करूनही ओएम३ जातीच्या मल्टिमोडवर १०जी ३०० मीटरपर्यंतच जातं, आणि जुन्या ६२.५ मायक्रॉनच्या ओएम१ वर ३३ मीटर. इमारतीच्या आत ठीक. म्हापशाहून मडगावला ते नेता येणार नाही.

सिंगल-मोडमध्ये मोडांची भानगड मिटते आणि रंगांची उरते. ती दोन कारणांनी. पहिलं कारण खुद्द काच. सिलिकामध्ये १२७० नॅनोमीटरच्या आसपास अशी एक जागा आहे की तिथे शेजारच्या तरंगलांबी एकाच वेगाने जातात. त्याच्या पुढे लांब तरंगलांबी मागे पडत जाते. १५५० ला काचेचा हा हिस्सा २१-२२ भरतो. दुसरं कारण घडण. प्रकाश पूर्णपणे कोअरमध्ये मावत नाही, थोडा क्लॅडिंगमध्ये सांडतो. तरंगलांबी जितकी लांब, तितका जास्त सांडतो. क्लॅडिंगमध्ये अपवर्तनांक कमी, त्यामुळे जास्त सांडणारा थोडा पुढे निघतो. म्हणजे काच ज्याला मागे खेचते त्यालाच घडण पुढे ढकलते. साध्या फायबरमध्ये या ढकलण्याची किंमत उणे ४-५ आहे. बेरीज होते १७, आणि शून्य १२७० वरून सरकून १३१० च्या जवळ येतं.

काचेचा हिस्सा फारसा आपल्या हातात नाही. घडणीचा हिस्सा आपल्या हातात आहे. फायबर डिझाइनची निम्मी कसरत या एका आकड्याभोवती चालते. कोअर आणखी बारीक करा, जर्मेनियम वाढवा, भोवती एक कडं घाला, आणि उणे ४ चे उणे २० होतात. मग डिस्पर्शनचं शून्य थेट १५५० वर येऊन बसतं, जिथे लॉसही सगळ्यात कमी. हे जी.६५३. कागदावर सोन्याहून पिवळं, आणि जपानने ते भरपूर टाकलंही. मग डीडब्ल्यूडीएम आलं. एकाच फायबरमध्ये अनेक रंग शेजारी शेजारी चालायला लागले, आणि डिस्पर्शन शून्य असल्यामुळे ते सतत एकमेकांच्या सोबतीने धावत राहिले. इतकी सोबत झाली की त्यांच्या मिश्रणातून नवेच रंग तयार व्हायला लागले आणि तेही शेजारच्या चॅनेलच्या जागेवर. फोर-वेव्ह मिक्सिंग ते हेच. थोडं डिस्पर्शन असलं की चॅनेल एकमेकांपासून घसरत राहतात आणि हे मिश्रण जमत नाही. म्हणून पुढे जी.६५५ आलं. शून्य मुद्दाम कामाच्या पट्ट्याबाहेर ठेवलेलं, १५५० ला ४ च्या आसपास डिस्पर्शन.

आता तुमचा ७१वा किलोमीटर. तिथे ओटीडीआर बिघडलेला नाही, तिथे फायबरची जात बदलते. जुन्या मार्गावर कुणीतरी हाताशी होता तो केबलचा तुकडा जोडलेला दिसतो. साध्या फायबरचं मोड फील्ड, म्हणजे आतल्या प्रकाशाच्या झोताची रुंदी, १५५० ला साधारण १०.४ मायक्रॉन असतं, जी.६५५ च्या काही प्रकारांत ८.४. अरुंद मोडवालं फायबर मागे फिरणारा प्रकाश जास्त पकडतं, म्हणून रुंदाकडून अरुंदाकडे जाताना ओटीडीआरची रेघ वर उडी मारते. उलट बाजूने मारलात तर त्याच जॉइंटला १.१ डीबी लॉस दिसेल. दोन्हींची सरासरी ०.२ डीबी, आणि खरा लॉस तेवढाच. दोन्ही बाजूंनी मोजल्याशिवाय स्प्लाइस चांगला की वाईट हे ठरवूच नये. तुमच्याच ट्रेसमध्ये ८० व्या किलोमीटरला १.१ डीबीची पायरी आहे. म्हणजे ७१ ते ८० असा ९ किलोमीटरचा तुकडा अरुंद मोडचा. तो जी.६५५ धरला तर एकूण गणित बदलतं. ९५ किलोमीटर १७ ने म्हणजे १६१५, अधिक ९ किलोमीटर ४ ने म्हणजे ३६. एकूण १६५१. मर्यादेच्या किंचितच वर. लिंक पूर्ण झोपत नाही, नुसते एरर झिरपत राहतात, याचा उलगडाही इथेच होतो. खात्री हवी असेल तर जवळच्या चेंबरमध्ये केबलच्या जॅकेटवरची छपाई वाचा. मीटरच्या खुणेशेजारी फायबरचा प्रकार बहुतेक वेळा लिहिलेला असतो.

उपाय दोन. सगळ्यात सरळ म्हणजे फोंड्याला सिग्नल उतरवून पुन्हा चढवायचा. फोंड्याचं पॅच पॅनेल ५८ व्या किलोमीटरला येतं असं तुम्ही लिहिलंय. तिथे असलेल्या स्विचमध्ये दोन मॉड्यूल घाला. एका बाजूला ५८ किलोमीटर, दुसऱ्या बाजूला ४६, दोन्ही हजाराच्या आत, आणि ॲम्प्लिफायरही लागणार नाही. फक्त ४६ च्या बाजूला एक गोष्ट पाहा: ही मॉड्यूल उणे ७ डीबीएमच्या वरचा प्रकाश सहन करत नाहीत. पॉवर मोजून, गरज वाटली तर ५ डीबीचा ॲटेन्युएटर लावूनच पॅच जोडा. तुमच्या जागी मी हाच मार्ग घेईन. पावसाळ्यापुरती सोय आहे, स्विच तिथे आहे, वीज आहे.

फोंड्याला उतरवणं शक्य नसेल तर डीसीएम, म्हणजे डिस्पर्शन भरून काढणारा डबा. त्यात डिस्पर्शन भरून काढणारं फायबर गुंडाळलेलं असतं. कोअर फारच बारीक, अपवर्तनांकाचा फरक मोठा, त्यामुळे घडणीचा हिस्सा इतका वाढवलेला की एकूण डिस्पर्शन उणे ८०-१०० च्या घरात जातं. ‘८० किलोमीटर’चा डबा उणे १३६० देतो. तुमच्या १६५१ मधून उरतात २९१, आणि ते उरलेलं बरंच. शून्यावर आणायचा अट्टहास नको. मोल म्हणजे ७-८ डीबी लॉस. म्हणून डबा ॲम्प्लिफायरच्या नंतर ठेवा आणि गेन तेवढा वाढवा. त्यात फार पॉवर कोंबू नका, बारीक कोअरमध्ये नॉन-लिनिअर त्रास लवकर सुरू होतो.

नव्या केबलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: बॅकबोनला जी.६५२.डी, आणि जी.६५५ कुणी स्वस्तात दिलं तरी घेऊ नका. पंधरा-वीस वर्षांपूर्वी याचं उलट सांगितलं असतं तर ते चुकीचं नव्हतं. तेव्हा प्रत्येक पिकोसेकंद डब्याने भरून काढावा लागायचा. आता १००जी आणि त्यावरच्या कोहेरंट मॉड्यूलमध्ये डिस्पर्शन चिपच आकडेमोडीने काढून टाकते. २०२० मध्ये आलेल्या ४००झेडआर या ४००जी कोहेरंट मॉड्यूलच्या विनिर्देशात २४०० पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर सहन करण्याची अट आहे. साध्या फायबरवर ते १४० किलोमीटर झाले, म्हणजे तुमचा वळसा त्यात आरामात बसतो. मॉड्यूल पाच-सात वर्षांनी बदलतं. जमिनीखालची काच बदलत नाही. चिप डिस्पर्शन पुसू शकते, पण लॉस पुसू शकत नाही आणि अरुंद मोडमुळे होणारा नॉन-लिनिअर त्रासही फारसा पुसत नाही. म्हणून आज फायबरकडून कमी लॉस आणि रुंद मोड मागावा, डिस्पर्शन असू दे. समुद्राखालच्या केबलमध्ये तर शुद्ध सिलिकाचा कोअर आणि आणखी रुंद मोड असलेलं जी.६५४ वापरतात, ते याच कारणाने. आपल्या अंतरांना त्याचा खर्च परवडणारा नाही. जी.६५२ मागताना शेवटचा ‘डी’ विसरू नका. १३८३ नॅनोमीटरजवळचा पाण्याचा उंचवटा त्यात काढलेला असतो आणि पीएमडीची अट कडक असते.

घरापर्यंतच्या ड्रॉपला मात्र जी.६५७. कोअरभोवती कमी अपवर्तनांकाचा एक चर असतो, तो वळणावर निसटणारा प्रकाश आत ठेवतो. ए१ ला १० मिलिमीटर त्रिज्या चालते, ए२ ला ७.५. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या हातभर जाड भिंती, खिडकीच्या चौकटीतून काढलेली केबल, माडाला टेकलेला स्पॅन, हे पाहता ए२ चे जास्तीचे पैसे वसूल होतात. ए वर्गाचं फायबर जी.६५२.डी शी जुळतं, त्यामुळे स्प्लाइसला अडचण नाही. आणि ड्रॉपवर लॉस दिसला तर १३१० आणि १५५० दोन्हींवर मोजा. दोन्हीकडे सारखाच असेल तर जॉइंट पुन्हा करा. १५५० ला बराच जास्त असेल तर जॉइंटला हात लावू नका, केबल कुठेतरी दुमडली आहे. बहुतेक वेळा ती राउटरमागच्या डब्यातच सापडते, कारण उरलेली लूप कुणीतरी झाकण बसावं म्हणून दाबून कोंबलेली असते.